मदत हवी आहे: झाकण लावलं तरी लॅपटॉप झोपत नाही

घाईत_आहे
लॅपटॉप स्लीपला जात नाही. झाकण लावून बॅगेत टाकते, दोन तासांनी बाहेर काढते तर खालची बाजू हात ठेववेना इतकी गरम, पंखा भणभणतोय आणि बॅटरी ९० वरून ३५ वर. या आठवड्यात तिसऱ्यांदा झालं. सेटिंग बघितलंय, सगळं बरोबर आहे. रीस्टार्ट करून झालं. परवा प्रबंधाचं प्रकरण गाइडना द्यायचंय आणि आज ऐन वाचनालयात मशीन बंद पडलं. काय करू? लवकर सांगा प्लीज.

खटपट्या
विंडोज कुठली? लॅपटॉप किती जुना? आणि मुख्य म्हणजे तो झोपतच नाही, की झोपून मधेच जागा होतो? वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

रातकिडा
विचारायची गरजच नाही, हा मॉडर्न स्टँडबाय आहे. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये आला आणि तेव्हापासून लोकांच्या बॅगा तापताहेत. जुन्या एस३ झोपेत फक्त रॅमला वीज मिळायची, बाकी सगळं बंद. नव्यात मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं असतं, नेटला चिकटून मेल आणत बसतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) 'प्लॅटफॉर्म एओएसी ओव्हरराइड' नावाची नोंद करून तिला ० द्या, एस३ परत येईल. माझ्या मशीनवर आली.

खटपट्या
ताई, आत्ता रजिस्ट्रीला हात लावू नका. फर्मवेअरमध्येच (मशीनच्या चिपवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) एस३ नसेल तर त्या नोंदीने स्लीपचा पर्यायच गायब होतो. रातकिडा, तुमच्याकडे चाललं कारण तुमच्या फर्मवेअरमध्ये ते शिल्लक होतं. रोग कळायच्या आधी औषध का देताय?

सरळमार्गी
शटडाऊन करत जा की. एसएसडी असेल तर चालू व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात. मी स्लीप वापरतच नाही, कधी त्रास नाही.

घाईत_आहे
@सरळमार्गी, चाळीस पीडीएफ उघड्या असतात, प्रत्येक वेगळ्या पानावर. दिवसातून चार वेळा ते सगळं परत मांडत बसू का? स्लीप चालायला हवी, एवढंच हवंय.
@खटपट्या, विंडोज १०. पाच-सहा वर्षांचा असेल. झोपून उठतो की झोपतच नाही ते कसं कळणार, बॅगेत असतो ना तो.

नवेच_हवे
विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधी ११ वर जा. प्रोसेसर पात्र आहे का आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का ते तपासा. नसेल तर जाहीर झालेली पळवाट आहे, सविस्तर लिहितो.

खटपट्या
ते वेगळ्या धाग्यात लिहा हो, त्यांना परवा प्रकरण द्यायचंय. अशा वेळी कोणी सिस्टिम बदलतं का?
ताई, स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' घ्या आणि या दोन आज्ञा द्या:
पॉवरसीएफजी /ए
पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स
(टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) जे येईल ते जसंच्या तसं इथे टाका. पहिल्यातून मशीनला कुठल्या प्रकारची झोप येते ते कळतं, दुसरीतून त्या क्षणी त्याला जागं कोण ठेवतंय ते.

पेंग्विनप्रेमी
माझ्या लॅपटॉपचाही हाच प्रश्न होता. लिनक्स टाकलं आणि संपला. 'मेम_स्लीप' नावाच्या फाइलमध्ये 'एस२आयडल' (हलकी झोप) आणि 'डीप' (गाढ झोप) असे दोन पर्याय दिसतात, 'डीप' निवडलं की झालं. रात्रभरात दोन-तीन टक्के जेमतेम उतरतात.

रातकिडा
'डीप' म्हणजे तीच एस३ ना? म्हणजे मी म्हणतोय तेच तुम्ही दुसरी सिस्टिम टाकून म्हणताय. आणि ज्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये ती नाही तिथे लिनक्सला तरी 'डीप' कुठून दिसणार?

पेंग्विनप्रेमी
मान्य. पण निदान काय चाललंय ते एका फाइलमध्ये समोर दिसतं.

घाईत_आहे
केलं. पहिल्यात 'स्टँडबाय (एस३)' उपलब्ध आहे असं आलं, खाली हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप. दुसऱ्यात सिस्टिमखाली ड्रायव्हर म्हणून ऑडिओचं लांबलचक नाव आणि 'अ‍ॅन ऑडिओ स्ट्रीम इज करंटली इन यूज'. पण मी काहीच ऐकत नाहीये! स्पीकर म्यूट आहे.

खटपट्या
एस३ आहे, म्हणजे मॉडर्न स्टँडबायचा विषय मिटला.
आता आवाजाचं. म्यूट म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच. मशीनच्या दृष्टीने गाणं चालूच आहे. ब्राउझरचे टॅब बघा, एखाद्यावर स्पीकरचं चिन्ह असेल.

घाईत_आहे
आहे!! पावसाच्या आवाजाचा टॅब, लिहिताना लावते, तो संपला की पुन्हा सुरू होतो. वाचनालयात म्यूट केला आणि विसरले. बंद केला, आता रिक्वेस्ट्समध्ये सगळीकडे 'नन' (काही नाही). म्हणजे सुटलं ना?

खटपट्या
अर्धंच. अशी रिक्वेस्ट फक्त आपोआप लागणारी झोप अडवते, म्हणजे 'इतकी मिनिटं हात लावला नाही तर झोप' ती. झाकण लावून मिळणारी झोप ती अडवू शकत नाही, कारण झाकण ही तुमची थेट आज्ञा असते. गाणं चालू असतानाही झाकण लावलं की मशीन झोपायलाच हवं. तुमचं झोपत नाही, म्हणजे झाकणाच्या आज्ञेतच काहीतरी आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डाव्या हाताला 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ'. दोन्ही रकान्यांत काय आहे?

घाईत_आहे
सेटिंग बघितलंय म्हटलं ना. बॅटरीवर 'स्लीप' आहे.

खटपट्या
आणि चार्जर लावलेला असताना?

घाईत_आहे
त्यात 'डू नथिंग'. ते मुद्दाम ठेवलंय, घरी मोठा मॉनिटर जोडते तेव्हा झाकण लावूनच काम करते. पण त्याचा काय संबंध? बॅगेत टाकते तेव्हा चार्जर नसतोच.

आडवाट
मॉनिटर जोडता हे आधी सांगितलं असतं तर पाच मिनिटांत सुटलं असतं. उठताना आधी चार्जर काढता की आधी झाकण लावता?

घाईत_आहे
झाकण लावलेलंच असतं, मॉनिटरवर काम करते म्हटलं ना. मॉनिटरची वायर काढते, चार्जर काढते आणि बॅगेत. वाचनालयातसुद्धा आधी झाकण, मग चार्जर, सवयच लागलीये तशी.

आडवाट
मग तेच. विंडोज झाकणाचा नियम ते लागतं त्या क्षणी पाहते. तेव्हा चार्जर होता, नियम होता 'काही करू नकोस', म्हणून तिने काही केलं नाही. नंतर चार्जर काढला तेव्हा झाकण आधीच लागलेलं, ते पुन्हा लागणार नाही, मग बॅटरीचा नियम कोण तपासणार? उरली होती ती आपोआप लागणारी झोप, तिला पावसाच्या टॅबने धरून ठेवलं. मशीन दोन तास बॅगेत टक्क जागं.

खटपट्या
अगदी बरोबर, क्रमाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम बघा. मशीन झोपायला निघालं की 'कर्नल-पॉवर'ची ४२ क्रमांकाची नोंद पडते, जागं झालं की 'पॉवर-ट्रबलशूटर'ची १ क्रमांकाची. आजच्या त्या दोन तासांत ४२ आहे का?

घाईत_आहे
एकही नाही. परवाच्या वेळेतही नाही. काल रात्री १२:१० ची आहे, काल झोपताना चार्जर लावलाच नव्हता.

खटपट्या
म्हणजे तो कधी झोपलाच नव्हता. आता सवय बदला: निघताना वायरी काढा, झाकण उघडा आणि पुन्हा लावा. पंखा थांबून दिवा लुकलुकायला लागला की मगच बॅगेत. नाहीतर पॉवर बटणालाच 'स्लीप' लावून टाका, मॉनिटरवर काम संपलं की ते दाबायचं.

सरळमार्गी
किंवा हायबरनेट. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, बॅगेत तापायचा प्रश्नच येत नाही आणि तुमच्या चाळीस पीडीएफही होत्या तिथेच मिळतील.

रातकिडा
हे मात्र पटलं. लांब जाणार असाल तर हायबरनेटच.

वायरमन
एक कोणीच विचारलं नाही. तीन वेळा बंद बॅगेत इतकं तापलंय, बॅटरी बघितली का? सपाट टेबलावर ठेवून बघा, चारही पाय नीट टेकतात का. टचपॅड एका बाजूने उचलल्यासारखा वाटतो का, क्लिक करताना कडक लागतो का. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि फुगली असेल तर चार्ज करू नका, दाबून बघू नका, सरळ दुरुस्तीला न्या. आणि प्रकरणाची प्रत आजच दुसरीकडे ठेवा.

घाईत_आहे
पाय चारही टेकताहेत, टचपॅड नेहमीसारखाच आहे. प्रकरण स्वतःलाच मेल केलं. आत्ता तुम्ही सांगितलं तसं केलं: वायरी काढल्या, झाकण उघडून परत लावलं, पाच-सहा सेकंदांत पंखा थांबला. बॅगेत ठेवून तासाभराने काढला, हाताला थंडगार लागला. ८८ होती, ८७ आहे. आणि ४२ ची नोंदही पडलीये, बरोबर त्याच मिनिटाची. खटपट्या, आडवाट, वायरमन, खूप खूप आभार. लिहायला बसते.

नवेच_हवे
छान झालं. प्रकरण दिलंत की ११ चं बघू या, टीपीएम आहे का तेवढं तपासून ठेवा.