मदत हवी आहे: क्लबच्या आघाडीच्या फलंदाजांचा क्रम कसा लावावा?

आमच्या क्रिकेट क्लबच्या जुन्या स्कोअरबुकांवरून आजवरच्या आघाडीच्या फलंदाजांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सरासरीसाठी धावांना डावांनी नव्हे, तर किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. ब्रॅडमन यांच्या ६९९६ कसोटी धावा ८० डावांतल्या, पण १० वेळा नाबाद असल्याने भाजक ७० आणि सरासरी ९९.९४ येते. अडचण अशी, की तळाला येऊन बहुतेकदा नाबाद राहिलेला गोलंदाज या हिशेबाने सलामीवीरांच्याही वर जाऊन बसतो (त्याला आनंदच होईल!). तेव्हा किमान किती डावांची अट ठेवावी? शिवाय दुखापत, आजार यांसारख्या कारणाविना स्वतःहून तंबूत परतलेला आणि पुन्हा खेळायला न आलेला फलंदाज नियमाने बाद ठरतो. मैत्रीपूर्ण सामन्यांतही तसेच धरावे का? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.