सप्टेंबरपासून तीन महिने म्युनिकला जातोय, फोनचं कसं करावं? (सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे)

कर्वेनगर_काकू:
नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणासाठी मी आणि हे 10 सप्टेंबरला म्युनिकला निघतोय, परत 6 डिसेंबरला. जाताना दुबईला विमान बदलायचंय. दोघांचे नंबर प्रीपेड आहेत. ह्यांची एक एफडी ऑक्टोबरात संपतेय आणि ओटीपी ह्यांच्याच नंबरवर येतो, म्हणजे इथलं सिम बंद पडून चालणार नाही. पण मला खरी काळजी सासूबाईंची आहे. वय 86, तीन महिने सदाशिव पेठेत नणंदेकडे राहणार, नणंद दिवसभर कामाला जाते. त्यांना बटणांचा फोनच जमतो, व्हॉट्सअ‍ॅप शिकवायचा दोनदा प्रयत्न केला पण त्यांना त्याचा त्रासच होतो म्हणून सोडून दिलं. रोज एकदा लेकाशी बोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लेक म्हणते ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्या, भाचा म्हणतो रोमिंग पॅक घ्या. कुणी तीन महिने राहून आलं असेल तर नीट सांगा प्लीज.

पौडफाटा:
काकू, आईबाबांना दोनदा पाठवलंय म्हणून सांगतो. ओटीपी हा साधा एसएमएस असतो, त्याला नेट लागत नाही, तेव्हा काकांचं इथलं सिम फोनमध्ये चालू ठेवायचं, इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधी कंपनीच्या अ‍ॅपमधून सुरू करून घ्यायचं आणि सेटिंगमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद करायचं. नेटसाठी दुसरं सिम. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस बहुतेक फुकट असतो, तरी तुमच्या कंपनीचं एकदा बघून घ्या. ड्युअल सिममध्ये 'एका सिमचं नेट गेलं की दुसऱ्यावर जा' असा एक पर्याय असतो तो आठवणीने बंद करा, नाहीतर सगळं करूनही बिल येतं.

आता महत्त्वाचं. प्रीपेडवाले सगळे 84 दिवसांचा रिचार्ज मारून निघतात. 10 सप्टेंबरला मारलात तर 2 डिसेंबरला संपतो आणि तुम्ही येणार 6 ला, मध्ये चार दिवस ओटीपीची खात्री नाही. वर्षाचाच मारा.

आणि तिकडे गेल्यावर यूपीआय अ‍ॅप काढून परत टाकू नका, फोनही बदलू नका, नोंदणी करताना फोनमधून एसएमएस जावा लागतो आणि तो परदेशातून कधी जातो कधी नाही. व्हॉट्सअ‍ॅप नवीन सिम टाकल्यावर विचारेल नंबर बदलायचा का, नाही म्हणा.

ईसिम चालतं का बघायला *#06# डायल करा, ईआयडी असा आकडा दिसला तर चालतं.

इसार_काठची_पुणेकर:
म्युनिकमध्येच असते मी. ट्रॅव्हल ईसिम दहा-पंधरा दिवसांच्या ट्रिपला छान, पण त्यात बहुतेक वेळा फक्त डेटा असतो, नंबर नसतो. तीन महिन्यांसाठी आणि आजींसाठी इथलं प्रीपेड सिम घ्या. लेबारा, लायकामोबाइल यांच्याकडे भारतात बोलायला स्वस्त मिनिटं मिळतात, म्हणजे तुम्ही थेट आजींच्या बटणाच्या फोनवर लावू शकता, त्यांना काहीच शिकायला नको. फक्त 2017 पासून इथे ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही, दुकानात जाताना पासपोर्ट न्या.

हे सिम ऑस्ट्रिया, इटलीत फिरलात तरी घरच्याच दराने चालतं, युरोपियन युनियनमध्ये जून 2017 पासून तसा नियम आहे. स्वित्झर्लंड त्यात नाही! हे मी कळकळीने सांगतेय कारण माझे आईवडील आले तेव्हा आम्ही लिंडाऊला बोडेनझे तळ्यावर गेलो होतो, जर्मनी सोडलीच नव्हती, पण काठावर बसल्या बसल्या बाबांच्या फोनने पलीकडचा स्विस टॉवर पकडला आणि त्यांनी तळ्याचे व्हिडिओ पाठवत सगळा बॅलन्स संपवला. संध्याकाळी स्टेशनवर ते आमच्यापासून चुकले आणि फोन लावायला पैसेच नाहीत. वीस मिनिटं होती, पण आईचा चेहरा अजून आठवतो. सीमेजवळ गेलात की डेटा रोमिंग बंद करा. आणि 112 हा आणीबाणीचा नंबर दोघांनीही पाठ करून ठेवा, बॅलन्स नसला तरी लागतो.

आखाती_नाशिककर:
दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, मेसेज आणि फोटो जातात. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोन लागत नाही म्हणून अशा अवस्थेत तिचा जीव टांगणीला लागेल. विमानात फ्लाइट मोड लावाच, काही विमानांत आतलंच नेटवर्क असतं आणि ते फार महाग.

पौडफाटा:
आजींसाठी अजून एक सुचलं. त्यांना मधेच बोलावंसं वाटलं तर काकांच्या नेहमीच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, काकांनी उचलायचा नाही, रोमिंगमध्ये उचलला की पैसे. मग जर्मन नंबरवरून परत लावायचा. पण निघायच्या आधी ##002# डायल करून कॉल फॉरवर्डिंग सगळं काढून टाका, कारण न उचललेला कॉल फॉरवर्ड झाला तर त्याचेही पैसे लागू शकतात.

कर्वेनगर_काकू:
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, फार आधार वाटला. वर्षाचा रिचार्ज आजच केला, रोमिंग ह्यांनी सुरू केलं. काल रात्री सासूबाईंबरोबर मिस्ड कॉलचा सराव केला, ह्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि त्यांना बाहेरून लावायला सांगितला. तिसऱ्यांदा बरोबर जमलं, खूश होत्या. रोजचा फोन त्यांच्या चहाच्या वेळी साडेचारला करायचं ठरलंय, तिकडे तेव्हा दुपारचा एक वाजतो म्हणे.

इसार_काठची_पुणेकर:
हो, पण काकू ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवसापासून आजींचे साडेचार म्हणजे तुमचे बारा. काकांच्या फोनमध्ये पुण्याच्या वेळेचं घड्याळ लावून ठेवा. आणि जर्मन नंबर मिळाला की तो पहिल्याच दिवशी नणंदेला कळवा, आजींच्या फोनमध्ये काकांच्या नावाने सेव्ह करून द्यायला सांगा. परदेशी नंबर उचलू नका असं हल्ली सगळ्या आजीआजोबांना सांगितलेलं असतं, माझ्या आजीने चार दिवस माझाच फोन कट केला होता.