आधी ते लोकेशन काढ

(सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

सी-२०४: काल ट्रेकला गेलो होतो तिथे कातळावर ही चित्रं दिसली, कोरलेली आहेत बघा. कोणालाच माहीत नसलेला स्पॉट आहे, तिकीट नाही गार्ड नाही साधा बोर्डपण नाही. नीट दिसत नव्हतं म्हणून खडूने गिरवून फोटो काढलेत. खाली पिन टाकलीय, सगळ्यांनी जाऊन या

बी-५०१: भारी रे!!

ए-१०२: हे हरीण आहे का बैल

ए-६०३: आधी ते लोकेशन काढ. फोटो राहू दे, पिन काढ. मग बोलू.

सी-२०४: का काका? सरकारी जागा आहे ती, कोणाच्या कंपाउंडमध्ये नाही घुसलो आम्ही

ए-६०३: सरकारी आहे तोच तर घोळ आहे बाळा. म्युझियमला निदान भिंत असते, कुलूप असतं. इथे नुसतं मोकळं रान. अमेरिकेत सरकारी जमिनी सांभाळणारं बीएलएम म्हणून एक खातं आहे, त्यांच्याकडे साधारण २४.५ कोटी एकर जमीन आणि गस्तीला रेंजर असतील २०० च्या आसपास. कर हिशोब, एकाच्या वाट्याला १२ लाख एकर येतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात बिशप गावाजवळ याच खात्याच्या जमिनीवर चोर शिड्या, जनरेटर आणि पॉवर सॉ घेऊन गेले आणि कातळावरची कोरीव चित्रं सरळ कापून नेली. पुढच्या वर्षी तुकडे सापडले म्हणा, पण कापलेला दगड परत डोंगराला चिकटवणार कसा

बी-५०१: बापरे जनरेटर घेऊन!! आणि कोणाला आवाजपण नाही गेला

ए-६०३: जायला कोणी असायला तर पाहिजे

डी-३०२: आपल्या जिन्याखालच्या जागेसारखं आहे हे. सगळ्यांची आहे म्हणून सगळ्यांच्या मोडक्या सायकली तिथे, आणि झाडायची वेळ आली की कोणाचीच नाही

ए-१०२: विषय भरकटवू नका हो. काका खडूचं काय झालं एवढं, पाणी मारलं की निघतो की

ए-६०३: दगड खडबडीत असतो वहिनी, छिद्रांत बसलेला खडू पूर्ण निघत नाही. आणि घासून काढायला गेलात तर दगडाचा वरचा जुना थरच जातो, त्याच्यावरून तर वय कळायची थोडीफार आशा असते. अजून एक, आपण गिरवतो ती रेघ आपल्या अंदाजाची. तुम्ही आत्ताच विचारलंत ना हरीण का बैल, त्या शिंगांपैकी कुठलं मूळचं आणि कुठलं याच्या खडूचं हे मलाही फोटोवरून सांगता येत नाहीये

सी-२०४: सॉरी काका खरंच माहीत नव्हतं

ए-६०३: तू एकटा नाहीस रे. अजिंठा इंग्रजांना दाखवणारा जॉन स्मिथ, १८१९ मध्ये आला आणि १० नंबरच्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. आता लोक ते शोधायला जातात

बी-५०१: म्हणजे २०० वर्षं थांबलं की आपलं कोरलेलं पण हेरिटेज 😀

बी-५०१: जोक सोडा. पण काका मला हे लपवून ठेवायचं लॉजिक पटत नाही. लोकांनी बघितलंच नाही तर वाचवा म्हणून ओरडणार कोण? उद्या तिथून रस्ता काढला तर चार माणसं पण आडवी येणार नाहीत कारण तिथे काही होतं हेच कोणाला माहीत नसणार

ए-६०३: हे बोललास ते अगदी बरोबर आहे आणि खरं सांगू, नोकरीत कागदोपत्री नोंदी करण्यात अर्धं आयुष्य गेलं पण याचं उत्तर मला सापडलं नाही. फ्रान्समध्ये लास्कोची गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. कोणी ओरखडा मारला नाही, नुसता माणसांचा श्वास, दमटपणा आणि दिव्यांचा उजेड, एवढ्यावर शेवाळ धरलं आणि १९६३ मध्ये बंद करायला लागली. आता लोक शेजारी बांधलेली नक्कल बघून येतात. तिकडे अमेरिकेत पुरातत्त्वाच्या जागा जपायच्या १९७९ च्या कायद्यात कलमच आहे की अशा जागा नेमक्या कुठे आहेत ते सरकारने सहसा जाहीर करायचं नाही. पण लपवलं की तू म्हणतोस तेच होतं

ए-४०४: वकील म्हणून थोडं बोलते. चोर, खडू, ट्रेकर हे सगळं आहेच पण सगळ्यात मोठं नुकसान परवानगी घेऊन होतं. ऑस्ट्रेलियातली जुकान घळ बघा, ४६ हजार वर्षांपासून माणसाची वस्ती असल्याच्या खुणा तिथल्या गुहेत होत्या. खाण कंपनीला २०१३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. २०१४ च्या खोदकामात तिथे माणसाच्या केसांची विणलेली ४ हजार वर्षं जुनी पट्टी सापडली आणि डीएनए तिथल्याच आजच्या लोकांशी जुळला, म्हणजे अक्षरशः त्यांच्या पूर्वजांचे केस. तरी नवीन पुरावा आला म्हणून मंजुरी परत तपासायची सोयच तिथल्या १९७२ च्या वारसा कायद्यात नव्हती. मे २०२० मध्ये सुरुंग लावले. सगळं कायदेशीर!! बोंबाबोंब झाल्यावर कंपनीच्या सर्वात मोठ्या साहेबाला जावं लागलं, पण गुहा गेली ती गेलीच

डी-३०२: हे लईच वाईट

ए-१०२: मग तिथल्या लोकांच्याच हातात द्यायचं ना सगळं, त्यांच्या पूर्वजांचं आहे तर

ए-४०४: द्यायलाच पाहिजे, पण तिथले लोक म्हणजे एकच मत असं धरू नका मावशी. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात चाको म्हणून जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. २०२३ मध्ये त्याच्याभोवती १० मैल सरकारी जमिनीवर तेल आणि गॅसच्या नवीन लीज २० वर्षांसाठी बंद केल्या. प्युब्लो आणि नवाहो हे दोन्ही तिथले मूळनिवासी. प्युब्लो लोकांना हे हवं होतं, पण नवाहोंमधले ज्यांच्या वाटणीच्या जमिनी त्या पट्ट्यात आहेत ते चिडले, कारण त्यांचं घर त्या रॉयल्टीवर चालतं. आपण इथे बसून त्यांना अक्कल शिकवणार का

ए-१०२: नाही ग बाई

बी-५०१: मग सी-२०४ ने करायचं काय होतं? फोटोच काढायचे नाहीत का

ए-६०३: काढायचे की. हात न लावता, खडू पाणी काही न मारता, बाजूला एखादी मोजपट्टी ठेवून. पिन ग्रुपवर नाही, पुरातत्त्व खात्याला पाठवायची. त्यांच्या यादीत आधीच असेल तर उत्तमच, नसेल तर उद्याच्या रस्त्याच्या सर्व्हेत निदान कोणाच्या तरी कागदावर ती जागा येईल. नोंदच नसेल तर अडवायला आधार कसला. यादीत नाव आलं म्हणजे वाचलं असं नाही हं, जुकान तर यादीत होतंच

सी-२०४: पिन काढली काका. खात्याचा ईमेल द्या, आज पाठवतो

ए-६०३: शाब्बास. अजून कुठे टाकलीस का?

सी-२०४: ऑफिसच्या ग्रुपवर, कॉलेजच्या, आणि एक ट्रेकिंगचा ग्रुप आहे

ए-६०३: त्यात किती लोक

सी-२०४: ट्रेकिंगच्यात ९०० च्या वर. तिथलं डिलीट होत नाहीये आता, वेळ निघून गेली. आणि कोणीतरी रविवारचा प्लॅनपण टाकलाय

ए-६०३: रविवारी किती वाजता निघतायत ते विचार. मी येतो.