विषय: नाताळचा खर्च: आतापासून काय करावं?

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

इथे येऊन आम्हाला वर्षही झालेलं नाही. मंडळाच्या या मेल-यादीवर ही माझी पहिलीच मेल, सांभाळून घ्या. सप्टेंबर संपायच्या आतच ऑफिसात नाताळची बोलणी सुरू झाली आहेत. घरभाडं आणि पाळणाघर यांतून जे उरतं त्यात डिसेंबर बसवायचा आहे. थोरल्याला शंका आहे, पण धाकटीला सांता येणार याची शंभर टक्के खात्री आहे. कर्ज न काढता आणि कंजूषही न दिसता तुम्ही सगळे हे कसं निभावता? सेलसाठी थांबावं, की आत्तापासून थोडं थोडं घेत जावं?

प्रेषक: खजिनदार

स्वागत! मंडळात पैशाचा विषय निघाला की उत्तर मीच द्यायचं असा अलिखित नियम आहे, म्हणून लिहिते.

"थोडं थोडं घेत जाऊ" यात एक मेख आहे. यादी न करता लवकर सुरुवात केली की खर्च वाढतो. आत्ता घेतलेली वस्तू कपाटात जाते. नोव्हेंबरात सेल लागतो, तोवर ती वस्तू किरकोळ वाटायला लागते आणि त्याच माणसासाठी आणखी एक घेतली जाते. म्हणून आधी नावं लिहा आणि यादी बंद करा. मग प्रत्येक नावापुढे रक्कम, आणि त्यानंतरच दुकान. मधेच एखादं नाव वाढलं तर ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी रकमेतून काढायचे, बेरीज हलू द्यायची नाही.

भेटवस्तू हा निम्माच भाग असतो. टपालखर्च, वेष्टणाचा कागद, खेळण्यांच्या बॅटऱ्या, शाळेतली वर्गणी, ऑफिसचं जेवण, आणि सुट्टीत शाळा बंद असताना मुलांना कुठे ठेवायचं त्याचे पैसे, हे सगळं यादीत धरा. जुन्या मंडळींनी गेल्या डिसेंबरचं बँकेचं स्टेटमेंट काढून बघावं. आपल्याला वाटतं तो आकडा आणि खरा आकडा यांची सहसा गाठ पडत नाही.

एकूण रकमेला उरलेल्या पगारांनी भागा आणि पगाराच्याच दिवशी तेवढे पैसे आपोआप वेगळ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ साली 'ख्रिसमस क्लब' नावाचं खातंच काढलं होतं. थोडे थोडे भरत राहायचं आणि नाताळच्या तोंडावर एकदम काढायचे. फक्त पैसे बँकेतच ठेवा. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी लोकांकडून वर्षभर हप्ते घेऊन नाताळला व्हाउचर आणि हॅम्पर देत असे. २००६ च्या ऑक्टोबरात ती बुडाली आणि लाखाहून जास्त लोक ऐन सणापूर्वी रिकाम्या हाताने राहिले.

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

ताई, सरळ भिशी म्हणा की!

माझा मुद्दा वेगळा आहे. आधी भेटींची संख्या कमी करा, स्वस्त भेटी नंतर शोधा. आठ मोठी माणसं असलेल्या गोतावळ्यात प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं म्हटलं तर ५६ भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यायचं ठरवलं तर ८. रकमेची मर्यादा आधी जाहीर करायची आणि नवरा-बायकोला एकमेकांची चिठ्ठी येऊ द्यायची नाही, नाहीतर त्यात गंमत काय? लहान मुलांना यातून वगळा, त्यांना सगळ्यांनी द्यावं.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली विद्यार्थ्यांना विचारून नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. देणाऱ्याने मोजलेल्या पैशातला दहावा हिस्सा ते एक तृतीयांश घेणाऱ्याच्या लेखी वाया जातो, असा त्याचा अंदाज निघाला. माझ्या कपाटातल्या सुगंधी मेणबत्त्या बघितल्या असत्या तर त्याने आकडा वाढवला असता.

प्रेषक: शाळेत शिकवणारी एक सभासद

धाकटीच्या सांताबद्दल: सांताकडून छोटी भेट येऊ दे, मोठी आई-बाबांच्या नावाने द्या. सुट्टीनंतर वर्गात मुलं तुलना करतात. याला सांताने महागडा व्हिडिओ गेम दिला आणि मला रंगपेटीच का, या प्रश्नाला कुठल्याच बाईंकडे उत्तर नसतं. आपण मोठी भेट सांताच्या नावावर खपवतो तेव्हा त्याचा भुर्दंड दुसऱ्याच घरातल्या मुलाला पडतो. (हे लिहायचं नव्हतं, पण दरवर्षी बघते.)

लवकर खरेदी करणाऱ्यांनी परतीची मुदत तपासावी. ती बहुधा खरेदीच्या तारखेपासून मोजतात, भेट उघडल्याच्या दिवसापासून नाही. ऑक्टोबरात घेतलेला स्वेटर डिसेंबरात तोकडा निघाला तर बदलून मिळेलच असं नाही. काही दुकानं सणासाठी मुदत वाढवतात, विचारून घ्या आणि किंमत न छापलेली पावती मागून डब्यात ठेवा. मुलांचे कपडे तर शेवटीच घ्या.

वापरलेली खेळणी बिनधास्त घ्या. फक्त बटणासारखी छोटी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे बघा. ती गिळली गेली तर काही तासांतच अन्ननलिका भाजते.

प्रेषक: नवीन सभासद

धन्यवाद! यादी केली आणि तीन नावं लगेच गळली. दोन प्रश्न उरले. एक, "आत्ता घ्या, नंतर हप्त्याने द्या" ही सोय वापरावी का? दुसरा जरा नाजूक आहे. ऑफिसातल्या सगळ्यांना काहीतरी द्यायची पद्धत दिसते. नको कसं म्हणू?

प्रेषक: खजिनदार

हप्त्याची एक खरेदी अडचणीची नसते. पण चार ठिकाणी चार छोटे हप्ते लावले की एकूण देणं कुठेच एका जागी दिसत नाही, आणि जानेवारीत सगळे एकदम दार ठोठावतात. क्रेडिट कार्डावर फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर नाताळची खेळणी मोडून जातील, तरी व्याज चालू असेल.

दुकानाचं गिफ्ट कार्ड कुणी दिलं तर लवकर वापरा. दुकान बुडालं तर ज्यांचे पैसे दुकानाकडून यायचे असतात त्यांच्या रांगेत कार्डधारक पार मागे असतो.

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

नाजूक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. ऑक्टोबरातच सांगून टाका, "या वर्षी आपण चिठ्ठ्या टाकूया का?" डिसेंबरच्या मध्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो, कारण कुणीतरी तुमच्यासाठी आधीच काही घेतलेलं असतं आणि मग परतफेड आलीच. इतक्या लवकर सुचवलं तर बाकीचेही मनातून सुटतात, अनुभव आहे.

प्रेषक: खजिनदार

मंडळातली जुन्या खेळण्यांची अदलाबदल नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ठेवू, म्हणजे कुणाला काय मिळालं ते बघून उरलेलं विकत घेता येईल. खेळणी पुसून, बॅटऱ्या काढून आणि सगळे तुकडे पिशवीत घालून आणा. मागच्या वेळी अर्धवट जोडचित्रं फार आली होती. मोठ्यांच्या चिठ्ठ्या काका टाकतील. नावं त्यांना ऑक्टोबर संपायच्या आत कळवा, आणि कृपया "सर्वांना उत्तर" हे बटण दाबू नका.