मदत हवी आहे: 'मोत्याच्या गीता'तील मोती म्हणजे नेमके काय?

सुरियानी (अरामीची एक बोली) भाषेत, बहुधा तिसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या 'थोमाची कृत्ये' या बायबलबाह्य ग्रंथात, हिंदुस्थानात तुरुंगात पडलेला येशूचा शिष्य थोमा जे गीत गातो, त्याच्या रूपकार्थाविषयी जाणकारांची मदत हवी आहे. पूर्वेकडील राजपुत्र आपले झळझळीत वस्त्र घरी ठेवून, फुत्कारणाऱ्या सर्पाच्या पहाऱ्यातला एक मोती आणण्यासाठी इजिप्तला जातो. तिथले कपडे घालतो, तिथले अन्न खातो, आपण कोण हेच विसरतो आणि गाढ झोपी जातो. मग घरचे पत्र गरुड होऊन उडत येते आणि त्याच्याशी बोलू लागते; तो जागा होतो आणि मोती घेऊन परत निघतो.

इजिप्त म्हणजे जडसृष्टी, झोप म्हणजे अज्ञान आणि पत्र म्हणजे जागे करणारे ज्ञान, इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. मात्र मोती म्हणजे आत्मा असे म्हणावे, तर राजपुत्र कोण? आणि राजपुत्रच आत्मा असेल, तर तो सोडवायला गेला कोणाला? सोडवणारा आणि सुटणारा एकच, हा ज्ञानवादी (गूढ ज्ञानानेच मुक्ती मिळते असे मानणाऱ्या) पंथाचा अर्थ मला आकर्षक वाटतो. पण परतीच्या वाटेवर ते वस्त्र आरशासारखे समोर येते आणि राजपुत्राला त्यात स्वतःचेच रूप दिसते, तेव्हा दुभंगलेपण मिटवण्याचे काम मोत्याऐवजी वस्त्रच करते, असे दिसते.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात मौल्यवान मोत्यासाठी सर्वस्व विकणारा व्यापारी आहे. त्या दाखल्याच्या आधारे या मोत्याचा अर्थ लावणे कितपत योग्य ठरेल? सुरियानी आणि ग्रीक पाठ ताडून पाहिलेल्या कोणी मार्गदर्शन केले, तर मी आभारी राहीन.