शब्दचर्चा: 'फिल्टर फॅक्टर'मधला ८ म्हणजे ८ स्टॉप का?

प्रश्न: लेन्सपुढे चढवायच्या रंगीत काचेच्या फिल्टरच्या तक्त्यात लालपुढे ८ आणि पिवळ्यापुढे २ लिहिलेले असते. आजीचे ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट रात्री, घरातल्या बल्बच्या उजेडात फिल्मवर काढायचे आहे. हे आकडे स्टॉपचे समजायचे का? आणि 'फॅक्टर'ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर १: ते आकडे पटीचे आहेत. ८ म्हणजे एक्स्पोजर (फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश) आठपट वाढवायचे. एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट, म्हणून आठपटीला ३ स्टॉप लागतात. मराठीत मी 'गुणक' म्हणेन, कारण दोन फिल्टर एकावर एक चढवले तर फॅक्टरांचा गुणाकार होतो आणि स्टॉपची बेरीज. २ चा पिवळा आणि ४ चा पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) मिळून ८; तेच स्टॉपमध्ये १ + २ = ३. बोलताना 'तीन स्टॉप जातात' म्हटले की पुरते.

उत्तर २: 'गुणक' पटला, पण तो उजेडाप्रमाणे बदलतो, हेही सांगायला हवे. २५ नंबरच्या लाल फिल्टरचा ८ हा दिवसाच्या प्रकाशातला. जुन्या टंगस्टन बल्बच्या उजेडात लाल भाग मुळातच जास्त, त्यामुळे तिथे साधारण ५ धरतात. आयएसओ ४०० (फिल्मची संवेदनशीलता), एफ/२ (लेन्सचे छिद्र) आणि १/३० सेकंद (शटरचा वेळ) मिळत असेल, तर लाल फिल्टरने थेट १/६ वर याल. एवढ्या वेळात आजी श्वास घेताना हलली तरी डोळे धूसर होतील.

शिवाय लाल काचेतून त्वचा उजळते, डाग पुसट होतात, ओठ फिके पडतात, आणि बल्बचा उजेड हेच काम आधीच थोडेफार करत असतो. ११ नंबरचा पिवळट-हिरवा उलट वागतो: ओठ गडद, त्वचेला पोत. आजीच्या चेहऱ्यासाठी मी तोच निवडेन, पण दोन स्टॉप जातात, म्हणून ट्रायपॉड असेल तरच. नसेल तर फिल्टर नकोच.

उत्तर ३: एक भर. हातातल्या लाइट मीटरने मोजत असाल तर गुणक लावायचा. कॅमेरा लेन्समधूनच मोजत असेल तर फिल्टरने अडवलेला प्रकाश त्यात धरलेला असतो. पुन्हा गुणू नका.

डिजिटलवाले 'फिल्टर मारला' म्हणतात तो नंतरचा संस्कार. रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीत) रंगांचे प्रमाण बदलून तसाच परिणाम साधतो, एक्स्पोजर वाढवावे लागत नाही. मात्र बल्बखाली निळा प्रकाश फार कमी असतो, म्हणून निळा चॅनल ओढून उजळला की नॉइज, म्हणजे चित्रातले ठिपके, उसळतो. २०१२ च्या लायका एम मोनोक्रोममध्ये तर ती सोयच नाही. त्याच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नाही, तिथे खरी काचच चढवावी लागते.