अनुभव धागा: साठीनंतरच्या मंडळींना संगणक शिकवताना

लातूरला आमच्या वाचनालयात दुपारच्या वेळी ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग चालतो. तिथे मी शिकवते. केंद्र सरकारचं ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 साली आलं. 20 तासांचा अभ्यासक्रम होता, पण वयाची अट 14 ते 60. म्हणजे एकसष्टी झालेला माणूस बाहेरच. आणि हयातीचा दाखला, सातबारा, पीक विमा, बँक हे सगळं ऑनलाइन झाल्यावर सगळ्यात जास्त अडलं ते त्याचंच. घरातली पोरं पुण्याला. म्हणून विचारते आहे: आईवडिलांना, शेजाऱ्यांना, कोणालाही तुम्ही शिकवलं असेल किंवा उतारवयात स्वतः शिकला असाल, तर लिहा.

सुरुवात मी करते. मॉनिटर कशाला म्हणतात, सीपीयू कशाला, हा धडा मी पहिल्या दिवशी घेत नाही. काम काय अडलंय ते विचारते. एका आजोबांना सातबारा बघायचा होता. गट नंबर तोंडपाठ. जिल्हा, तालुका, गाव निवडत गेले आणि त्या एका कामात माऊस फिरवणं, यादीतून निवडणं, आकडे टाइप करणं, चुकलं तर मागे येणं, सगळं होऊन गेलं. स्वतःचं नाव दिसल्यावर त्यांनी पुढचं गाव आपण होऊन निवडलं, सासरवाडीची जमीन बघायला! फुकट दिसतो तो उतारा फक्त माहितीसाठी, कामाला लागतो तो 15 रुपये भरून मिळणारा डिजिटल सहीचा, हेही तेव्हाच सांगितलं. वर्गात वेगळं सांगितलं असतं तर लक्षात राहिलं नसतं.

डबल क्लिकपाशी बरेच जण थांबतात. पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये हात जरा हलतो आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी सरकतं. त्यांना वाटतं, आपल्याला जमत नाही. माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा, बाण मोठा करा. तरीही नाही जमलं तर एकदा टिचकी मारून एंटर दाबायचं. काम तेच होतं.

परभणी, आईला शिकवणारी लेक

आईला जात्यावरच्या ओव्या लिहून ठेवायच्या होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, वहीत लिहिणं नको वाटायचं. मोबाईलवर बोलून टाइप करायला शिकवलं. ती बोलायची आणि अक्षरं उमटायची, फार खूश झाली. पण आमची बोली त्याला कळेना. "करलालाव", "जाऊलालं" असं काही आलं की भलतंच उमटायचं. ओवी बिघडलेली आईला खपत नाही. मग ती एकेक शब्द खोडून बोटाने दुरुस्त करायला लागली. टाइप करायला शिक असं मी तिला कधीच म्हटलं नव्हतं. आता मामीच्या ओव्याही तीच उतरवून घेते.

हिंगोली, शिकणाऱ्यांपैकी एक

मी शिकवणारी नाही, शिकलेली आहे. तुम्हा शिकवणाऱ्यांना एकच विनंती. आमच्या हातातून माऊस घेऊ नका. नातू म्हणतो, "आज्जी, दे इकडं, मी करून देतो," आणि चार ठिकाणी पटापट दाबून मोकळा होतो. काम होतं, पण माझ्या डोक्यात काहीच राहत नाही. आमचे सर आधी कंपाउंडर होते, ते पाठीमागे हात बांधून उभे राहायचे. कितीही वेळ लागो, तोंडानेच सांगायचे. त्याने मला शिकता आलं.

आणि वहीबद्दल. आम्ही सगळ्या बायका वहीत लिहून घेतो. आधी लिहायचो, "वर उजव्या कोपऱ्यात दाब." अपडेट आलं की कोपरा बदलायचा आणि वही वाया. मग सरांनी सांगितलं, जागा लिहू नका, काय शोधायचं ते लिहा: "लॉगिन असं लिहिलेलं शोध." तेव्हापासून वही टिकली. पुन्हा पुन्हा तेच विचारलं तरी रागावू नका हो. लेकरं लहान असताना आम्हीही शंभरदा सांगितलंय.

नांदेड, बँकेतून निवृत्त

पैशांचं शिकवताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट पक्की करून घेतो: यूपीआय पिन पैसे पाठवताना लागतो, पैसे येताना कधीच नाही. "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणणारा चोर. दुसरं, लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली फाईल एपीके असेल तर उघडायची नाही. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते, एपीके म्हणजे अॅप असतं. तिसरं, 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवायचा आणि पैसे गेले की लगेच तिथे फोन करायचा. लाजेने माणसं दोन दिवस घरात सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसे पुढे सरकतात. म्हणून मी मुलांनाही बसवून सांगतो: आईवडील फसले तर पहिल्यांदा रागावू नका, पहिल्यांदा 1930 ला फोन लावा.

धाराशिव

वडिलांनी तरुणपणी विहिरी खोदल्या, पुढे सरकारी नोकरीत लागले. बोटांच्या रेषा झिजलेल्या. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागायचाच नाही, दरवर्षी नोव्हेंबरात तीच कटकट. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला ऑनलाइन देण्याची सोय, 2014 साली आलं. आता त्यात चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन्ही अॅप लागतात. उजेड तोंडावर यावा, पाठीमागून नको, आणि सांगितलं की डोळे मिचकवायचे. वडील आता ओसरीत बसून स्वतः करतात आणि शेजारच्या पेन्शनरांचंही करून देतात.

छत्रपती संभाजीनगर, टायपिंग शिकवतो

मराठी टायपिंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची पद्धत पोरांना सोपी जाते. ज्यांचं इंग्रजी बेताचं, त्यांना ती अवघड. 'घ'साठी आधी इंग्रजी स्पेलिंग आठवायचं आणि मग मराठी शब्द बघायचा, हा दुहेरी त्रास कशाला? त्यांना सरळ इन्स्क्रिप्ट, म्हणजे कळांवर थेट मराठी अक्षरं असलेली मांडणी, शिकवा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'क'ची कळ शिफ्टसोबत दाबली की 'ख', 'ग'चा 'घ', 'त'चा 'थ', 'प'चा 'फ'. ज्यांनी पाटीवर क, ख, ग, घ घोटून घोटून पाठ केलंय, त्यांना ही मांडणी पोरांपेक्षा लवकर कळते, हे मी वर्गात वारंवार बघतो. सुरुवातीला कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावा. माझ्याकडच्या एका निवृत्त ग्रामसेवकांनी आता स्टिकर काढून टाकलेत आणि गावच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका स्वतः टाइप केली. मोठ्या अक्षरातला तक्ता माझ्याकडे आहे, हवा असेल त्यांनी खाली सांगा, पाठवतो.